लाकडासारखी जमीन

वडगावातल्या आमच्या घराच्या सोप्याला मी लाकडी जमीन केली, तेव्हा ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. लाकडी म्हणजे लाकडाचं चित्र छापलेलं लिनोलियम. वरून गाठी आणि रेषा असलेल्या फळ्या दिसायच्या, खालच्या अंगाला काळपट जाड कापड होतं. बेळगावच्या दुकानदारानं विचारलं, "खाली कोबा हाय न्हवं? मातीवर टाकू नगा, ओल धरतंय."

"कोबाच हाय," मी म्हणालो.

खाली माती होती. आई ती दर आठवड्याला शेणानं सारवायची. मी हायस्कुलात शिकवत होतो. बरोबरीचे शिक्षक घरी आले की खुर्चीचे पाय त्या जमिनीत रुतायचे, आणि मी बोलता बोलता त्या पायांकडेच बघत राहायचो. वडील गेल्यावर त्यांच्या हातमागाचा खड्डा आम्ही मुरूम घालून बुजवला होता. तिथं लिनोलियमला खळगा पडला. त्यावर मी टेबल ठेवलं आणि कडेनं लाकडी पट्ट्या ठोकल्या.

"आता मी सारवू कुठं?" आईनं विचारलं.

"सारवायचं न्हाय. ओल्या फडक्यानं पुसायचं."

"मग माझी पेन्शन सुरू झाली म्हण की." ती हसली, पण पट्ट्यांकडे बघून.

पुढच्या वर्षी ती तापानं पडली. डॉक्टरांनी आशा सोडली. आमच्यात माणूस जायच्या वेळी त्याला खाटेवरून सारवलेल्या जमिनीवर घेतात. वडिलांसाठी ती जागा तिनंच सारवली होती. एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"मला भुईवर घे रं."

त्यासाठी पट्ट्या उखडायला हव्या होत्या. आणि दहा वाजता आमचे हेडमास्तर तिला बघायला येणार होते. ते पहिल्यांदाच घरी येत होते. मी तिला उचललं आणि लिनोलियमवर निजवलं. तिचा तळहात इकडेतिकडे फिरला.

"हे काय रं?"

"भुईच हाय, आई."

"गार लागंना."

"ताप हाय तुला, म्हणून."

ती थोडा वेळ हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "व्हय. तसंच असंल."

हेडमास्तर आले. त्यांची खुर्ची कुठं रुतली नाही, हे मी पाहिलं. आई तिथंच, दोन हातांच्या अंतरावर निजलेली असताना मी ते पाहिलं. ते गेल्यावर तासाभरात ती गेली.

आक्का, माझी थोरली बहीण, दुपारच्या गाडीनं निपाणीहून आली. रडणं आवरल्यावर तिचं लक्ष खाली गेलं.

"ह्याच्यावर घेतलास व्हय रं तिला?"

 तिनं परसातनं खुरपं आणलं, दोन पट्ट्या उचकटल्या आणि लिनोलियम आईपर्यंत चटईसारखं गुंडाळत नेलं. शेजारच्या बायकांनी ठेवलेला चहा उकळायच्या आत ते झालंसुद्धा. खालची माती काळी, ओली झाली होती. तिला बुरशीचा वास येत होता. आक्कानं वरची माती खरवडून काढली, शेण कालवून तेवढी जागा सारवली आणि आम्ही आईला तिथं ठेवलं. आता तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

हात धुताना आक्कानं विचारलं, "जाताना काय मागितलंतं का तिनं?"

"न्हाय. शुद्धच नव्हती."

"मग बरं झालं," आक्का म्हणाली. "न्हायतर तुला जन्मभर लागून राहिलं असतं."

ह्या वर्षी आक्का गेली. दवाखान्यात, पलंगावर. तिला सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मधे पुष्कळ वर्षं होती, आणि दर दिवाळीला ती भाऊबीजेला येत होती. मीच सांगितलं नाही.