आत्याने करून दिलेली ओळख

आत्याची नक्कल करायची तर चष्मा आधी कपाळावर सरकवायचा, हनुवटी आत ओढायची आणि ज्याला झापायचंय त्याच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचं, "हं. तर ज्या कुणी द्रावण घरच्या चहाच्या कपात केलंय, त्याने तो कप फेकून द्यावा. कप गेला तर चालेल. विद्यार्थी गेला की मला वर उत्तरं द्यावी लागतात."

हे मी तिच्यासमोरच करायचे. ती हसू दाबत म्हणायची, "ए टेप, बंद हो." टेप हे माझं घरातलं नाव. एकदा कानात शिरलेलं माझ्या तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही, म्हणून.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. घरात आम्ही तिघंच. बाबा कुलपं दुरुस्त करतात आणि आठवड्याला मोजून एखादं लांब वाक्य बोलतात. आत्या एका ऑनलाइन कॉलेजच्या विज्ञान विभागाची प्रमुख. कॉलेज म्हणजे ना इमारत, ना घंटा, ना शिपाई. आमची मागची खोली, एक टेबल, एक दिवा, मागे पडद्याऐवजी जुनी पांढरी चादर, आणि टेबलावर स्टँडला अडकवलेली, थेंब मोजून सोडायची काचेची ब्युरेट. पलीकडे स्क्रीनवर काळे चौकोन. त्या चौकोनांमागे दिवसभर गोदामात खोकी उचलणारे, इस्पितळात चादरी बदलणारे, पोरांना झोपवून वर्गात बसलेल्या बाया. कॅमेरा कुणी लावायचं नाही, कारण कॅमेऱ्यात घर दिसतं.

आत्याच्या हाताखाली तीन विषयप्रमुख. हे चौघं वर्षानुवर्षं रोज एकमेकांशी बोलायचे, पण कधी एका खोलीत बसले नव्हते. माझ्यासाठी मात्र मेजवानी होती.

भौतिकशास्त्राचे सर, म्हणजे आमचे पंखेवाले. त्यांच्या मागे एक टेबलफॅन सतत कुरकुरायचा आणि सर प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "काय, बरोबर?" लावायचे. "खाली पडणारी वस्तू खालीच पडते. काय, बरोबर?" जीवशास्त्राच्या बाई घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत बसून शिकवायच्या, कारण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि त्या दर पाच मिनिटांनी हाक मारायच्या. बाई पेशीविभाजन शिकवता शिकवता मधेच काच खाली करून ओरडायच्या, "आले हो आई!" आणि काच वर करून, "तर केंद्रक दुभंगतं." आणि भूशास्त्राचे दगडकाका. त्यांना दगड दाखवायची इतकी हौस, की तो कॅमेऱ्याला चिकटवूनच धरायचे. सगळ्यांना नुसता अंधार दिसायचा आणि अंधारातून काकांचा आवाज यायचा, "बघा, बघा, काय देखणा आहे!"

विभागात आत्याचा एक नियम होता. सत्राच्या सुरुवातीला स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची नाही, दुसऱ्याने द्यायची. "माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की एक तर फुगतो, नाहीतर नम्रतेचं नाटक करतो. दुसऱ्याला बोलू द्या, त्याला खरं ठाऊक असतं." म्हणून दर सत्राला पंखेवाले बाईंची ओळख करून द्यायचे, बाई काकांची, आणि आत्या तिघांचीही.

मग खोकला सुरू झाला.

आधी कुणाला कळलंच नाही, कारण आत्याचं एक बोट कायम म्यूटच्या बटणावर. घशात खवखवलं की टक्, आवाज बंद. तोंड वळवून खोकायचं, पाणी प्यायचं, टक्, आवाज सुरू. "हं. तर कुठे होतो आपण?" विद्यार्थ्यांना वाटायचं, मॅडमनी विचार करायला वेळ दिला. वर्षभर तिने सगळ्यांना असा वेळ दिला. घरात तिचा आवाज घासलेल्या पत्र्यासारखा झाला, आणि मी, गाढवासारखी, त्याचीही नक्कल केली. ती हसली. बाबा नाही हसले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांचा आवाज अगदी मऊ होता, दुकानदार महागाची वस्तू दाखवताना बोलतो तसा. गाठ स्वरयंत्रावरच आहे. पसरली आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मानेत छिद्र राहील, श्वास तिथून. बोलायला नंतर एक यंत्र मिळतं, गळ्याला लावायचं.

"त्यातून माझा आवाज येईल?" आत्याने विचारलं.

"आवाज येईल," डॉक्टर म्हणाले. "यंत्राचा."

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचा एकच."

त्याच आठवड्यात कॉलेजकडून निरोप आला. संकेतस्थळावर 'आमचा विज्ञान विभाग' असं नवं पान करतोय, चौघांचे फोटो आणि पदव्या पाठवा. आत्या उखडली. जितका आवाज उरला होता तितक्यात उखडली. "पदव्या वाचून आजवर कुणी कुणाला शंका विचारलीय का? गेल्या सत्रात तो गोदामवाला सोडून गेला. का, तर म्हणे, पलीकडे कुणी आहे असं वाटेना. माणसाचा आवाज ऐकला की पलीकडे माणूस आहे हे कळतं." तिने परस्पर ठरवलं. फोटो नाहीत, ती स्वतः बोलून तिघांची ओळख करून देणार, आणि ते त्या पानावर कायमचं राहणार. ऑपरेशनच्या आधी. स्वतःच्या आवाजात.

डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. म्हणून ती घरात बोलायची बंद झाली. खुणा करायची, टिचक्या वाजवायची. सगळा आवाज त्या एका कामासाठी साठवत होती. बाबा हे बघत होते. एका संध्याकाळी कानस खाली ठेवून त्यांनी आपलं आठवड्याचं वाक्य खर्च केलं.

"कॉलेजसाठी बोलणार आहेस, तर आमच्यासाठीही काहीतरी बोलून ठेव. काहीही. मला शिव्या दे हवं तर."

"देते ना दादा," आत्या कुजबुजली. "शिव्या पाठच आहेत. आधी हे होऊ दे."

आत्याचा आवाज आमच्याकडे ढिगाने होता. कॉलेजचे जुने तास सगळे साठवलेले, आम्ल, क्षार, लिटमस, तासन् तास. पण त्यातलं एक वाक्यही आमच्यासाठी नव्हतं. बाबांना तेवढंच हवं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीत, वर्गाचंच अॅप उघडून रेकॉर्डिंगला बसली. चांगली साडी, केस नीट. दिव्याची तिरीप चष्म्याच्या काचांवर चमकत होती म्हणून चष्मा काढून ठेवला. मी तोंडं वेडीवाकडी करीन म्हणून मला बाहेर काढलं. मी दाराला कान लावला.

"नमस्कार. मी आपल्या विज्ञान विभागाची..." आणि खोकला. जोराचा, लांबलचक. मग पाणी. मग ती पुन्हा बोलायला लागली, आणि काय बोलली! पंखेवाल्या सरांबद्दल बोलली, की हा माणूस तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो. बाईंबद्दल बोलली, की दोन हाकांच्या मध्ये ज्या शिकवतात त्यांना वेळेची किंमत तुमच्यापेक्षा जास्त कळते, तेव्हा त्यांना मेल पाठवताना 'उशिरा पाठवतोय, माफ करा' असलं काही लिहू नका. दगडकाकांच्या अंधाराबद्दल बोलली आणि स्वतःच हसली. ते हसू दाराबाहेर आलं तेव्हा मला वाटलं, हे मला कधीच जमणार नाही.

मध्ये बाबा गरम पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. ती त्यांना काहीतरी म्हणाली, ते लगेच बाहेर आले. मी खुणेने विचारलं, काय? त्यांनी मान हलवली, काही नाही.

शेवटी आत्या बाहेर आली ती भिंतीला धरूनच. आवाज संपला होता. अगदी तळाला गेला होता. बाबांकडे बघून तिने तोंड उघडलं, नुसती हवा आली. तिने हात जोडल्यासारखे केले. बाबा म्हणाले, "राहू दे, झोप." सकाळी इस्पितळात नर्स न्यायला आली तेव्हाही हवाच होती. मग तिला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. असंच म्हणतात ना, नीट झालं. आत्या जिवंत होती, मानेत नळी होती, आणि खोकायची तेव्हा छिद्रातून शिट्टीसारखं काहीतरी यायचं.

पंखेवाल्या सरांचा फोन मला आला. मागे पंखा कुरकुरत होता. "बाळ, कॉलेजने आम्हाला पाठवला तो व्हिडिओ... मला वाटलं माझ्याच स्पीकरचा घोळ आहे. काय, बर..." आणि फोन ठेवला.

मी लावून बघितला. "नमस्कार. मी आपल्या विज्ञान विभागाची." मग आत्याचं बोट पुढे येतं. टक्. ती तोंड वळवून खोकते, पाणी पिते, पुन्हा समोर बघते आणि बोलायला लागते. बोट परत पुढे येतच नाही. कोपऱ्यात लाल खूण, जी तिला चष्म्याशिवाय दिसणारच नव्हती. आख्खा व्हिडिओ नुसते ओठ. चार चौकोन असते तर कुणीतरी ओरडलं असतं, "मॅडम, म्यूटवर आहात!" रोज कुणी ना कुणी म्यूटवर असायचंच आणि रोज आत्याच ओरडायची. त्या दिवशी समोर कुणी नव्हतं.

बाबा माझ्या मागे उभे राहून बघत होते. स्वतः तांब्या घेऊन आत येतात ते बघितलं, आत्या त्यांच्याकडे वळून काहीतरी म्हणते ते बघितलं. मग म्हणाले, "तू भर की आवाज. दिवसभर करतेस ना तिची नक्कल."

मी केलं. दाराआडून ऐकलेलं जवळजवळ शब्दन् शब्द डोक्यात होतं. ओठ बघत बघत, हनुवटी आत ओढून, माइकसमोर. माझ्या तोंडून आजवर निघालेली ती सगळ्यात उत्तम आत्या होती. जीवशास्त्राच्या बाईंना पाठवलं, तर त्या गाडीत रडत राहिल्या आणि सासूबाईंच्या हाका तशाच राहिल्या. दगडकाका म्हणाले, "ओळखूच येत नाही गं! वरच्यांना कळायचंही नाही." कॉलेजची घाई चालली होतीच. आता फक्त इस्पितळात जाऊन आत्याला दाखवायचं होतं.

घडलं ते मी तिला आधी सांगितलं. म्यूटचं ऐकून तिने डोळे मिटले. मग खुणेने म्हणाली, लाव.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलावली. मग मांडीवरच्या पांढऱ्या फळीवर मार्करने लिहिलं: 'फारच छान. पण ही माझा घसा बसायच्या आधीची मी. मी अशी नव्हते बोलले.'

"मग घसा बसलेली करते. तीही येते मला."

तिने माझ्याकडे बघत फळी पुसली, लिहिलं: 'येते, माहितीय. म्हणूनच नको. मुलांना खोटा माणूस नको. पुसून टाक.'

"अगं, पण मग पानावर काय जाणार?"

'आहे ते.'

मी तिच्यासमोर पुसलं. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

घरी आल्यावर, नळी असतानाच, आत्या मागच्या खोलीत त्याच टेबलाशी बसली. तो मुका व्हिडिओ पानावर जाणार होता आणि खाली तिचे शब्द येणार होते, तिने स्वतः टाइप केलेले. कॉलेजने विचारलं, निदान पुन्हा नव्याने काहीतरी करू या का. तिने उत्तर पाठवलं, 'या तिघांची ओळख मी करून दिलेली आहे.' ओठ बघायचे, थांबवायचं, ओळ लिहायची. मी बाजूला बसून ओठ वाचत होते. नकलाकारांना तेवढं येतं.

पंखेवाले झाले. बाई झाल्या. दगडकाकांच्या मध्यावर बाबा तांब्या घेऊन आले. म्हणजे स्क्रीनवर आले. आत्याने तोंड वळवलं, ओठ हलले. मी व्हिडिओ थांबवला.

"हे काढून टाकायचं ना? हे काही ओळखीतलं नाही."

आत्याने मान हलवली, नाही. तिने टाइप केलं आणि पुढे सरकली. पहिल्यांदा ते मी वाचलं तेव्हा मला आत्याची, बाबांची, कुणाचीच नक्कल सुचली नाही.

पान सुरू झालं. सत्राला नवे विद्यार्थी आले. खाली लोक अजूनही लिहितात, "आवाज येत नाही, तपासा." पंखेवाले प्रत्येकाला शांतपणे उत्तर देतात, दहाव्यांदाही. आत्या आता वर्ग घेत नाही, उत्तरपत्रिका तपासते. यंत्र आणलंय, पण ते खोक्यातच आहे.

बाबा संध्याकाळी दुकान बंद करून आले की माझा फोन मागतात. पान उघडतात. पंखेवाले, बाई सगळं बोटाने पुढे ढकलतात आणि तांब्या घेऊन स्वतः आत येतात तिथे थांबवतात. खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: 'जरा थांब ना रे दादा, हे झालं की तुझ्याशीच बोलते.'

ते वाचून होतं. फोन मला परत देतात. मागच्या खोलीत आत्या खोकते, शिट्टी वाजल्यासारखं, आणि बाबा तांब्या भरून पाणी गरम करायला उठतात.