रिकामा खिळा

उरवड्याच्या कारखान्यांकडे वळताना त्याचं डोशाचं छोटं हॉटेल होतं. तो विजापूरकडचा. तवा तापत आला की भिंतीवरच्या तसबिरीची काच पुसायचा, उदबत्ती लावायचा. तसबिरीत देव नव्हते. देशातला सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार मिळालेले कन्नड लेखक एकाच चौकटीत बसलेले होते. कामगारांना ते त्याचे आजे-पणजे वाटायचे.

"अण्णा, एवढे आजे तुमचे?"

"आमचेच हायेत की!"

मी मराठीचा मास्तर. एकदा खवचटपणे विचारलं, "अण्णा, यांतलं काही वाचलंय का?"

"चौथीत शाळा सुटली, सर. पण आमच्या भाषेत लिवलंय की त्यांनी." मग उलथनं थांबवून म्हणाला, "तुमच्यातबी मिळालाय की तो पुरस्कार. त्यांचा फोटो आणा. हितंच लावू."

"आणतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तसबिरीशेजारी नवा खिळा ठोकलेला होता.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं डोसे खाल्ले. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्या खिळ्याला स्वतःचा पंचाही कधी टांगला नाही.

रस्ता रुंद होणार म्हणून परवा त्यानं हॉटेल रिकामं केलं. तसबीर छातीशी धरून टेम्पोत बसला, मला हात केला. तो गेल्यावर मी आत डोकावलो. धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. शेजारी खिळा होता, आणि त्याच्याखाली भिंत काळीच होती.