बायडाबाईंच्या चेहऱ्याचा रंग

गडहिंग्लजचा सिद्धलिंग ऐन विशीत कोल्हापुरात आला आणि फोटो रिटच करण्यात मुरला. दहा वर्षं बारीक ब्रशनं त्यानं लोकांचे डाग पुसले. २००३ साली त्याच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि त्याचं गणित बिघडलं. स्क्रीनवर गोरीपान दिसणारी नवरी लॅबमधून तांबूस होऊन यायची.

मग त्यानं समोर चहाची टपरी चालवणाऱ्या बायडाबाईंचा फोटो काढला. हिरवं लुगडं, मागं निळा कपडा, सावळा चेहरा. प्रिंट मॉनिटरशेजारी धरून लाल, हिरवा, निळा कमी-जास्त करत आठ दिवसांत त्यानं स्क्रीन आणि प्रिंटचे रंग जुळवले. तेव्हापासून रोज आधी तो स्क्रीनवरचा फोटो प्रिंटशी ताडायचा, मगच काम.

श्रावणात एका सकाळी स्क्रीनवरचा चेहरा पिवळट दिसला. लुगडं मात्र तसंच हिरवंगार. त्यानं निळा वाढवला, तर लुगडं बिघडलं, चेहरा पिवळाच. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतलं पांढरंही पिवळं झालं. बाकी गिऱ्हाइकांचे फोटो ठीक होते. बायडाबाईंची तीच फाईल त्यानं लॅबला पाठवली. प्रिंट आली स्वच्छ, पहिल्यासारखी.

प्रिंट हातात घेऊन तो टपरीवर गेला. बायडाबाई आणि प्रिंट, दोघींत तसूभर फरक नव्हता.

"मावशी, बरं हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीया? जरा जेवण जात न्हाय, एवढंच."

"दवाखान्यात चला."

"याड लागलंय व्हय तुला!"

शिव्या खात त्यानं त्यांना रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, कावीळ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यांत अजून उतरलेली नाही. तुम्ही ओळखलीत कशी?" सिद्धलिंगनं हातातली प्रिंट पाठीमागं लपवली.

महिन्याभरानं बायडाबाई टपरीवर बसल्या. त्या दिवशी, एकाही बटणाला हात न लावता, स्क्रीनवरचा चेहरा निवळलेला होता. बघून त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यानं घाईघाईनं ती फाईल बंद केली.

त्याच आठवड्यात बायको विद्याश्री मुलीच्या बारशाच्या फोटोंची सीडी घेऊन आली. "हितंच लावा की. मोठ्ठं दिसंल."

सीडी ड्राइव्हमध्ये गेली, फिरायला लागली. पहिला फोटो उमटायच्या आत सिद्धलिंगनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अवो, काय झालं?"

"काय न्हाय. लाईटीचा घोळ हाय." पंखा डोक्यावर फिरत होता. विद्याश्रीनं वर पाहिलं, मग नवऱ्याकडं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारवाल्या पिराजीला बोलावलं. पिराजीनं मॉनिटर लावून बघितला.

"चालू हाय की, पावणं. का टाकताय?"

"रंग खरा दावत न्हाय," सिद्धलिंग म्हणाला. हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो दारातच उभा होता.