फाईल सापडली नाही

खोटं बोलणाऱ्या माणसापेक्षा खोटं बोलणाऱ्या कॉम्प्युटरचा मला जास्त राग येतो. माणूस निदान नजर तरी चुकवतो.

शिरोळकडच्या एका गावात माझे मामा दूध संस्थेचे सचिव आहेत. फॅट मोजणाऱ्या मशीनला कॉम्प्युटर जोडायचा आणि सभासदाला त्याच्या दुधाचं फॅट तिथल्या तिथे पडद्यावर दाखवायचं, हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. कॉम्प्युटरचं इंग्रजी कुणाला कळणार, असा सभेत विरोध झाला तेव्हा ते उठून म्हणाले होते, "माझा भाचा करतोय. सगळं मराठीत हुईल. न्हाय झालं तर ही खुर्ची सोडतो मी." हे कानावर आल्यापासून माझी झोप उडाली होती.

शहरात, शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात सगळं सुरळीत चाललं होतं. प्रोग्राम मी एका फंक्शनल पद्धतीच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. तिचा इंटरप्रिटर लिहिलेली ओळ वाचून लगेच चालवतो, म्हणून संस्थेत बसूनही बदल करता येतात. मशीनशी बोलायला मात्र त्याला मशीनवाल्यांनी दिलेली लायब्ररी, म्हणजे एक तयार फाईल, उघडावी लागते. ऑफिसात ती मुकाट उघडत होती. आणि इथे संस्थेत, संध्याकाळचं दूध यायच्या तोंडावर, इंटरप्रिटर म्हणतो, फाईल सापडली नाही.

सापडली नाही म्हणजे काय? समोर पडलीय की! त्याच फोल्डरमधला माझा प्रोग्राम याला बरा सापडला! मी फाईल पुन्हा कॉपी केली. तेच. तिला लागणाऱ्या बाकीच्या फायली आणून शेजारी ठेवल्या. तेच. इंटरप्रिटर काढून परत टाकला, बत्तीस बिट आणि चौसष्ट बिटचा घोळ आहे का पाहिलं. तोही नव्हता. इंटरनेटवर अशाच तक्रारीखाली कुणा शहाण्यानं लिहिलं होतं, माझ्याकडे तर चालतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाहेर किटल्या खडखडायला लागल्या. सभेत विरोध करणारे एक सभासद खिडकीतून डोकावले. "काय पावणं, हुतंय का न्हाय?" मी मान वर न करता कळा बडवत राहिलो, कारण तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती. मामा आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. बसत नव्हते.

दात ओठ खात मी तो मेसेज पुन्हा वाचला, या वेळी अक्षर न् अक्षर. फाईलच्या नावाआधी फोल्डरचं नाव असायला हवं होतं, तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती. मी फोल्डर बघितलं. ॥ श्री ॥. कॉम्प्युटर आला त्या दिवशी मामांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता आणि पहिलं फोल्डर श्रीच्या नावानं काढलं होतं, नव्या वहीवर पहिल्यांदा लिहावं तसं. सगळं यातच ठेव, असं त्यांनी मला बजावलं होतं. इंटरप्रिटरला मराठी नाव वाचता येत होतं. पण त्याचा लायब्ररी उघडणारा भाग जुन्या वळणाचा, त्याला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही कळत नव्हतं. ऑफिसातलं माझं फोल्डर इंग्रजी नावाचं होतं. तो नावाची वाट लावत होता, आणि वर फाईलच नाही म्हणून आम्हालाच सांगत होता.

"मामा, फोल्डरचं नाव बदला," मी ओरडलोच. "श्री चालत नाही."

"देवाचं नाव चालत न्हाय?"

"मराठी चालत नाही!"

मामांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. खुर्चीत बसले, श्री पुसलं. "मग काय लिवू?"

"काहीही. एक लिहा."

त्यांनी एका बोटानं कळ दाबली. कीबोर्ड मराठीवरच होता. पडद्यावर आलं, १.

"हे पण नको," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो एक बी न्हाय?"

मी कीबोर्ड इंग्रजीवर केला, इंग्रजी एक टाकला. लायब्ररी उघडली. बाहेरच्या पडद्यावर पहिल्या सभासदाचं नाव आणि फॅट ठळक मराठीत आलं. लोक खूश झाले, विरोध करणारेही मान हलवून गेले. माझा राग मात्र उतरत नव्हता. ज्यानं तो भाग लिहिला तो समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती.

मामा अजून आतल्या पडद्याकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "आत इंग्रजी हाय, ते भाईर कुणाला बोलू नगंस."