दीनानाथरावांच्या चष्म्यावरची क्लिप

पनवेलच्या आसपास क्रिकेट खेळणाऱ्या कोणालाही दीनानाथ गुप्त्यांबद्दल विचारा, तो आधी आपलं उजवं बोट वर करून दाखवेल आणि मग बोलायला लागेल. तीस वर्षं हा माणूस हिवाळा-उन्हाळ्यातल्या दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर पांढरा कोट घालून अंपायर म्हणून उभा होता. पोटापाण्यासाठी ते एका लाकडाच्या वखारीत मापं घ्यायचे, पण ती उरलेल्या सहा दिवसांची गोष्ट. ओंडका नुसता बघून ते घनफूट सांगत आणि नंतर टेप लावला तर फारसा फरक पडत नसे. या डोळ्यांचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी नवीन पनवेलला आलो आणि नेमका यांच्या शेजारी राहायला गेलो, हे माझं नशीब. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझं अक्षर बघितलं आणि हातात स्कोअरशीट कोंबली. पंधरा वर्षं झाली, माझे रविवार मला परत मिळालेले नाहीत. बायकोचा त्यांच्यावर अजून राग आहे.

मैदानावर त्यांचं सगळं ठरलेलं असे. षटकातले चेंडू मोजायला खिशात सहा चिंचोके. प्रत्येक चेंडूनंतर डाव्या हाताने एक चिंचोका काढायचा आणि कोटाच्या दुसऱ्या खिशात टाकायचा. त्यासाठी तो हात पोटावरून आडवा जाई, ते ध्यान बघण्यासारखं असे. आणि एक नियम होता. बोट एकदा वर गेलं की गेलं. निर्णय बदलला असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्यांनी बोट वर केलं की भले भले दांडगट फलंदाज मान खाली घालून चालू पडत, कारण गुप्तेकाकांना दिसलंय म्हणजे ते तसंच झालं असणार.

२०१०च्या दिवाळीत त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण ते कोणाला कळू द्यायचं नाही अशी त्यांनी घरात ताकीद दिली. "नाशिकला बहिणीकडे गेलो होतो," असं सगळ्यांना सांगितलं. खरं ठाऊक होतं त्यांच्या पत्नीला, अरुंधतीवहिनींना, आणि मला. मला कारण दवाखान्यात डबा मीच नेत होतो.

"अहो, मोतीबिंदू काय चोरी आहे का?" मी एकदा चिडून विचारलं.

"गुरुदत्त, तुला कळायचं नाही. अंपायरचा गुडघा गेला तर लोक खुर्ची देतात. डोळ्यावर शंका आली की घरी पाठवतात. आणि रविवारी मी घरी बसून करू काय?"

हे शेवटचं वाक्य ते ज्या आवाजात बोलले, तो मला आवडला नाही.

नजर स्वच्छ झाली होती, पण आता ऊन डोळ्यात सुयांसारखं टोचायचं. टोपी होती, पण चारनंतरचं तिरपं ऊन टोपीला जुमानत नाही. शेवटी जानेवारीत मला बरोबर घेऊन ते हाफिजभाईंच्या चष्म्याच्या दुकानात गेले. मोहल्ल्याच्या तोंडाशी हे दुकान, आणि त्यांचा चष्मा गेली वीस वर्षं तिथलाच.

"दीनानाथभाई, सरळ नंबरचा गॉगल बनवून देतो," हाफिजभाई म्हणाले. "काय उगाच झंझट?"

"गॉगल नको. काळा चष्मा दिसला की लोक म्हणतील, अंपायरचं ऑपरेशन झालंय."

"पण झालंयच ना?"

"झालंय. ते आपल्या तिघांत राहू दे."

हाफिजभाईंनी कानाला हात लावला. मग आतून एक डबा आणला. त्यांचा पुतण्या मोहसीन कुवेतला नोकरीला. सुट्टीवर आला होता, त्याने येताना चष्म्यावर लावायच्या क्लिपा आणल्या होत्या. पहिली चुंबकाची. ती दीनानाथरावांच्या जाड चौकोनी फ्रेमला चिकटेचना. फ्रेम बदला म्हटलं तर ते असे बघायला लागले की हाफिजभाईंनी स्वतःच विषय बदलला. दुसरी स्प्रिंगची, ती लावता-काढताना काचेवर ओरखडे उठणार. तिसरी वर-खाली होणारी. ऊन असलं की खाली पाडायची, सावलीत बघायचं असलं की वर उचलायची, छज्ज्यासारखी.

"ही!" दीनानाथराव लगेच म्हणाले. "चेंडू टाकताना खाली, चेंडू संपला की वर. कोणाला वाटेल, हौसेनं लावलीय."

रंगाचा प्रश्न मात्र तासभर चालला. या गृहस्थाने खिशातून टेनिसचा चेंडू काढला आणि साठीच्या हाफिजभाईंना भर गल्लीत गोलंदाजीला उभं केलं. हिरव्या काचेतून चेंडू दिसला, पण फिक्का. तपकिरी काचेतून, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चेंडू आणि सुकलेलं शेत एकाच रंगाचं दिसणार. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला. हाफिजभाईंचा चौथा चेंडू समोरच्या बेकरीत गेला. अखेर राखाडी काच पसंत पडली आणि हाफिजभाईंनी ती त्यांच्या फ्रेमच्या आकारात घासून दिली.

"बिजागरी नवीन आहे, जरा टाइट आहे," ते म्हणाले. "खालून बोटानं जोर द्यायचा."

पुढचे पंधरा दिवस दीनानाथराव घरात सराव करत होते. जेवताना क्लिप खाली, वाढायला वहिनी आल्या की वर. "माझ्याकडे बघायला एवढी तयारी तीस वर्षांत केली नाही," वहिनी म्हणाल्या. डावा हात चिंचोक्यासाठी ठरलेला, म्हणून क्लिप उचलायचं काम आपोआप उजव्या हाताकडे आलं. त्याच बोटाकडे. हे आम्हा कोणाच्याही लक्षात आलं नाही. एवढा सराव बघूनही माझ्या लक्षात आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

फेब्रुवारीत जवळच्या विचुंबे गावात टुर्नामेंट होती. मैदान म्हणजे भात कापून रोलर फिरवलेलं शेत. शेत ज्या बाजूला लांब त्या बाजूला विकेट, म्हणजे पूर्व-पश्चिम. उपांत्य सामना विचुंबे आणि पनवेलचा मोहल्ला यांच्यात होता. मोहल्ल्याकडून मोहसीन खेळत होता. बुधवारी त्याचं कुवेतचं विमान होतं, त्यामुळे हा त्याचा शेवटचा रविवार. दहा चेंडूंत सतरा धावा हव्या होत्या. पूर्वेच्या टोकाला, थेट उन्हाकडे तोंड करून दीनानाथराव उभे होते, काचा खाली.

चेंडू पडला, मोहसीनने बॅट फिरवली, खट्ट आवाज आला आणि चेंडू विकेटकीपरच्या हातात गेला. कीपर म्हणजे विचुंब्याचा कप्तान काशिराम. त्याने अपील केलं, सगळं गाव ओरडलं. दीनानाथरावांनी शांतपणे नकारार्थी मान हलवली. मग चेंडू संपला म्हणून डावा हात चिंचोक्याकडे गेला आणि उजवा क्लिपकडे. बिजागरी टाइट. त्यांनी खालून जोर दिला. क्लिप वर गेली आणि तिच्याबरोबर बोटही ताडकन वर गेलं.

मान हललेली कोणी बघितली नव्हती. बोट सगळ्यांनी बघितलं.

"आऊट हाय! गुप्तेकाकांनी बोट वर केलाय!" बळीराम माइकवर ओरडला. हा गावचा कॉमेंट्री करणारा, हातात बिनवायरचा माइक घेऊन सीमारेषेवर फिरायचा. ताशे वाजायला लागले. मोहसीनने एकदा बॅटकडे बघितलं, एकदा काकांकडे, आणि चालायला लागला. त्याला खात्री होती की बॅटला लागला नाही. पण बोट गुप्तेकाकांचं होतं.

मी तंबूतून त्यांच्याकडे बघत होतो. काय झालं ते त्यांना कळलेलं मला इतक्या लांबून कळलं. गप्प राहिले असते तर तीस वर्षांचा नियम शाबूत राहिला असता, गाव खूश झालं असतं, डोळ्याची गोष्टही झाकलेली राहिली असती. माझी पेन्सिल 'झेलबाद' लिहायला टेकली होती. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, गप्पच राहा हो.

"मोहसीन! थांब!"

ते त्याच्यामागे अक्षरशः धावले आणि दंडाला धरून त्याला परत आणलं. गलका सुरू झाला. बळीराम माइक घेऊन धावत आला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी माइककडे बघितलं आणि तो बाजूला केला नाही.

"नॉट आऊट आहे. मी मान हलवली होती. बोट आऊटसाठी नव्हतं, ही काच उचलायला होतं. चूक माझी." मग त्यांनी क्लिपकडे बोट दाखवलं. "डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या. ऊन सहन होत नाही म्हणून ही क्लिप. मी कोणाला सांगितलं नाही, हीसुद्धा चूकच. विश्वास वाटत नसेल तर दुसरा अंपायर घ्या, मी बाहेर बसतो."

कर्ण्यातून आवाज शेतभर गेला. ताशे थांबले. आंब्याखालून कोणीतरी ओरडलं, "आंधला अंपायर!" दीनानाथरावांनी कोटाचं वरचं बटण काढायला घेतलं.

"गप बसा रं!" हा काशिराम होता. तो येऊन काकांसमोर उभा राहिला. "काका, बॅटला लागला नवता. त्याची बॅट जमिनीला घासली, त्याचा आवाज झाला. मना म्हायती व्हता, तरी आमी वरडलो." त्याने चेंडू काकांच्या हातात दिला. "आमी सगले दोन डोले उघडे ठेवून खोटा वरडलो आनि तुमाला बराबर दिसला. तुमी कुठं नाय जायाचा."

दीनानाथरावांनी बटण परत लावलं. त्याला जरा वेळ लागला.

सामना पुढे सुरू झाला. मोहसीनने एक चौकार मारला. त्याच्या पुढच्या चेंडूवर बॅट फिरली आणि चेंडू काशिरामच्या हातात गेला. या वेळी कसला आवाज नाही, कोणी अपील केलं नाही. मघाच्या प्रकारानंतर कोणाला ओरडायचं धाडस नव्हतं. अपील नाही तर अंपायरला आऊट देता येत नाही. मोहसीन दोन क्षण उभा राहिला. मग बॅट काखेत मारून चालू लागला, काकांजवळ आल्यावर थांबला.

"चाचा, बोट वर करू नका. लागलाय. मी चाललो."

मोहल्ला चार धावांनी हरला. निघताना काशिराम तंबूत येऊन सांगून गेला, फायनलला काकाच उभे राहणार. फायनलला ते उभे राहिले, आणि क्लिप डाव्या अंगठ्याने उचलली.

उपांत्य सामन्याच्या त्या संध्याकाळी मी कागद आवरत होतो तेव्हा दीनानाथराव माझ्या शेजारी येऊन बसले. सूर्य उतरला होता, क्लिप वर होती, आणि डोळे ओले होते. ते उन्हामुळे, असं त्यांचं म्हणणं.

"गुरुदत्त, मोहसीनचं झेलबाद नीट मांडलंस ना?"

"मांडलंय."

"बारीक कड लागली होती. वरच्या बाजूला." ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "दिसली होती रे मला."