कुठलं ‘ने’? सासूबाई, लेक आणि गर्दीच्या आधीचं नाक्सोस

“गर्दी नसेल, तर मग जायचं तरी कशाला?”

हा प्रश्न माझ्या सासूबाईंचा. एर्लांगेनच्या आमच्या स्वयंपाकघरात त्या कोथिंबीर निवडत बसल्या होत्या आणि माझा नवरा मंदार त्यांना पटवत होता की ग्रीसच्या बेटावर जायचं तर आत्ताच, मेच्या शेवटी, गर्दी व्हायच्या आत. जर्मनीत राहून राहून मंदार ‘गर्दी’ हा शब्द आता आजाराचं नाव घ्यावं तसा घेतो. आई पडल्या सांगलीच्या. चार माणसं नाहीत तिथे बघण्यासारखं काय असणार, असा त्यांचा साधा हिशोब.

ज्यांची मुलं बायर्नच्या शाळेत आहेत त्यांना ठाऊक असेल, आपल्याकडे फिंगस्टफेरिएन नावाची दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, जी बाकीच्या बऱ्याच राज्यांत जवळजवळ नसतेच. त्या सुट्टीत अर्धं बायर्न गाड्या काढून इटलीतल्या तळ्याकाठी जातं. ग्रीसची छोटी बेटं मात्र तेव्हा मोकळी असतात. खोल्या ऑगस्टच्या जवळपास अर्ध्या भावात मिळतात आणि आईंच्या शेंगेन व्हिसावर ग्रीस चालतं, वेगळं काही करावं लागत नाही. एवढं सगळं ऐकल्यावर आई म्हणाल्या, “गेनाऊ.”

हे ‘गेनाऊ’ काय ते सांगते. जर्मनमध्ये ‘बरोबर, अगदी’ म्हणायचं असलं की गेनाऊ म्हणतात. मार्चअखेरीस आई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी हा शब्द उचलला, तो मुख्यतः आमच्या लेकीसाठी. इरा नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. आजी मराठीत विचारणार, नात जर्मनमध्ये भडाभडा सांगणार, आणि एक अक्षर न कळता आजी मान डोलावून म्हणणार, गेनाऊ. इरालाही ते कळायचं. मग ती हळूहळू कमी सांगायला लागली.

एकदा भांडी आवरताना आई मला म्हणाल्या, “अनघा, ती बोलते ना, तेव्हा आवाज बंद करून टीव्ही बघितल्यागत वाटतं. दिसतं छान.” तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. जूनच्या मध्यात त्या परत जाणार होत्या. समुद्र, संगमरवर, सूर्यास्त हे सगळं मंदारला हवं होतं. मला हवं होतं ते इतकंच, की आई विमानात बसायच्या आधी इराने त्यांच्याशी एक सरळ मराठी वाक्य बोलावं.

म्युनिकहून अथेन्सची सकाळची फ्लाइट घेतली. मंदारच्या नियमाप्रमाणे आम्ही इतक्या लवकर विमानतळावर पोहोचलो की आमच्या आधी फक्त फरशी पुसणारं यंत्र आलेलं होतं. अथेन्सच्या विमानतळाबाहेरून थेट पिरेअस बंदराला जाणारी बस मिळते. टॅक्सीवाले आग्रह करतात, पण बस स्वस्त आणि सोपी आहे. पुढे नाक्सोस बेटापर्यंत मोठ्या, संथ बोटीने पाच-साडेपाच तास. वेगवान बोटी असतात, पण महाग पडतात, शिवाय त्यात डेकवर बसता येत नाही. जाकीट मात्र हाताशी ठेवा. आईंनी नऊवारी झेंड्यासारखी फडफडायला लागल्यावर वरून मंदारचा रेनकोट चढवला आणि दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उघडली. शेजारचे ग्रीक काका बराच वेळ दुसरीकडे बघत होते, मग त्यांनीही एक दशमी घेतली.

नाक्सोसला बोट लागते तेव्हा सगळ्यात आधी दिसतो तो टेकाडावरचा प्रचंड संगमरवरी दरवाजा. अपोलोचं मंदिर बांधायला घेतलं होतं, ते पुरं झालंच नाही, दरवाजा तेवढा उरला. मंदार भक्तिभावाने हे सांगत होता. आई म्हणाल्या, “दार आहे आणि घर नाही. आमच्या कॉलनीतला बिल्डर इथलाच दिसतोय.”

आमची खोली गावाबाहेर, एका लिंबाच्या बागेत होती. मालकीण किरिया व्हासो, म्हणजे व्हासोबाई, आईंच्याच वयाच्या. इंग्लिश येत नाही, जर्मन येत नाही. बुकिंग त्यांचा अथेन्सचा मुलगा बघतो. मंदारने दोन महिने फोनवर ग्रीकचे धडे गिरवले होते. त्याने एक लांबलचक वाक्य म्हटलं, व्हासोबाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि त्याला टॉवेल आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून बघते तर आई बागेत उभ्या. त्यांनी झाडावरच्या लिंबाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. व्हासोबाई म्हणाल्या, “ने, ने.” आईंनी दोन तोडली. “ने, ने!” आईंनी आणखी चार तोडली. ओचा भरून वर आल्या आणि मला म्हणाल्या, “बाई किती चांगली आहे बघ. स्वच्छ मराठीत सांगते, ने म्हणून.”

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’. हे मला मंदारने सांगितलं. त्याला धड्यात होतं.

आता इकडे आमची इरा. जर्मन मुलं बोलताना ‘नाही’ला ‘ने’ म्हणतात. त्या रात्री व्हासोबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर प्रसिद्ध आहेत, ते तळलेले होते, ताजं चीज होतं, उकडलेली पालेभाजी होती आणि फावा होता. शाकाहारी मंडळींनो, हा शब्द लक्षात ठेवा. पिवळी डाळ शिजवून घोटायची, वर कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. आईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “वरणच की. हिंग विसरली बिचारी.”

इरा घरी वरणाला हात लावत नाही. व्हासोबाईंनी तिच्या ताटलीत एक डाव वाढला, दुसरा पुढे केला. इरा म्हणाली, “ने.” डाव पडला. “ने, ने!” आणखी एक पडला, वर प्रेमाने तेल. इराने हात आडवे केले, डोळ्यांत पाणी आलं आणि ती ओरडली, “इश हाब दोख ने गेझाग्ट!” मी नाही म्हणाले ना, असं. व्हासोबाईंनी ‘ने’ ऐकलं आणि कौतुकाने भांडंच तिच्यापुढे ठेवलं.

मी आणि मंदार इतके हसत होतो की मदतीचे नव्हतोच. आई उठल्या आणि नातीच्या शेजारी जाऊन बसल्या.

“हे बघ बाळा, तू ने म्हणालीस की त्यांना वाटतं हो म्हणालीस. नको असेल तर असं कर.” आणि त्यांनी हनुवटी वर केली, भुवया उंचावल्या, जिभेने टाळूला आवाज केला, “च्यक.”

आमच्या सांगलीकडे ‘आहे का रे?’ला ‘च्यक’ म्हणजे नाही, विषय संपला. हे मंदारने लहानपणी केलं असतं तर याच आईंनी त्याला धपाटा घातला असता. इराने शंकेने हनुवटी वर केली. “च्यक.” व्हासोबाईंनी डाव तिथल्या तिथे थांबवला आणि भांडं उचलून नेलं. ग्रीसमध्येही नाही हे असंच म्हणतात. धड्यात नव्हतं.

इराने आजीकडे जसं बघितलं, तसं तिला बघताना मी या दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस ती आजीच्या मागेमागे. बेकरीत आजी बोट दाखवणार आणि इरा बेकरीवाल्या बाईंच्या हनुवटीवर डोळा ठेवून निकाल सांगणार. मंदार मध्येच एखादं ग्रीक वाक्य टाकायचा, तेव्हा दोघी त्याच्याकडे सारख्याच दयेने बघायच्या.

गर्दीच्या आधी जायचं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. जागा मोकळी असते, कारण बरंच काही अजून उघडलेलंच नसतं. किनाऱ्यावरच्या आरामखुर्च्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एका खाणावळीत नुकत्याच रंगवलेल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो आणि उठलो तेव्हा मंदारच्या पँटवर निळे पट्टे होते. आपिरांथोस हे डोंगरातलं गाव, गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या, फारच देखणं. तिथलं संग्रहालय बंद होतं. बसने गेलो, परतीची बस फोनवर दुपारची दाखवत होती. थांब्याजवळ एक माणूस दाराला रंग देत होता. आईंनी त्याला आधी रस्त्याकडे बोट दाखवलं, मग स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात केले.

“च्यक,” रंगारी म्हणाला.

“बस नाही,” आईंनी जाहीर केलं.

“आई, इथं वेळापत्रकात स्पष्ट लिहिलंय.” मंदार तत्त्वासाठी उन्हात उभा राहिला. आम्ही तिघी सावलीत बसून त्याच्याकडे बघत राहिलो. इरा अधूनमधून हाक मारायची, “पापा, देअर मान हाट च्यक गेझाग्ट!” त्या माणसाने च्यक म्हटलंय. बस आली नाही. वेळापत्रक जूनचं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. टॅक्सीने परत आलो. त्या टॅक्सीत मंदारने एकही ग्रीक शब्द उच्चारला नाही.

शेवटच्या दुपारी प्लाकाच्या किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब वाळू, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाणी मेमध्ये गार असतं, पहिल्यांदा पाय टाकताना देव आठवतो. आई नऊवारी जरा वर खोचून काठाशी उभ्या होत्या. इरा हात पुढे करून म्हणाली, “कोम, आजी.”

“च्यक.”

“बिटे!” प्लीज, असं.

“कशाला? मला नको नेऊस आत.”

इरा थांबली. “ने?”

“हां, आमचंही एक ‘ने’ आहे की. तुझं ने म्हणजे नाही. व्हासोचं ने म्हणजे हो. माझं ने म्हणजे सोबत घेऊन जा.”

“आख झो,” इरा विचार करत म्हणाली. “मिटनेमेन.”

सोबत नेणे. आईंना हा शब्द कुठून कळणार? पण त्यांनी नातीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “गेनाऊ.” त्यांच्या मुक्कामातलं हे पहिलं गेनाऊ जे खरोखर बरोबर होतं. मग त्या आत गेल्या, घोट्यापर्यंत, नंतर गुडघ्यापर्यंत, आणि तिथून मंदारला जोरात सांगितलं की फोटो काढायचा नाही. त्याने काढला.

त्या दिवसापासून आमच्यात खेळ सुरू झाला. इराला काही विचारलं की ती म्हणायची “ने”, आणि आजी विचारायची, “कुठलं? तुझं, व्हासोचं, का माझं?” उत्तर जर्मनमध्येच यायचं. मराठी वाक्य काही आलं नाही. लिंबांची पिशवी घेऊन आम्ही एर्लांगेनला परतलो, आईंनी लोणचं घातलं, बॅगा भरल्या, आणि मी मनातल्या मनात माझा हट्ट सोडून दिला. एवढं झालं तेही खूप झालं, असं स्वतःला समजावलं.

आईंची फ्लाइट फ्रँकफर्टहून होती. अर्थात आम्ही फार लवकर पोहोचलो. सिक्युरिटीच्या रांगेपाशी आई वाकल्या, इराचे केस नीट केले आणि म्हणाल्या, “परत येऊ का गं मी पुढच्या वर्षी?”

“ने,” इरा म्हणाली.

“कुठलं?”

“व्हासोचं.”

आई हसल्या, पिशवी खांद्यावर घेतली आणि वळल्या. दोन पावलं गेल्या असतील, तोच मागून पुन्हा आलं, जरा जोरात, “आजी, ने!”

“आता हे कुठलं?”

इराने आधी माझ्याकडे बघितलं.

“तुझं,” ती म्हणाली. “मला पण ने.”

आई परत आल्या. मागच्या माणसाची ट्रॉली त्यांना लागली, त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मंदार छतावरच्या पाट्या वाचत होता, सगळ्या, एकेक करून. मी सरळ रडले.

आता घरी येऊन काही आठवडे झालेत. इरा घडाघडा मराठी बोलायला लागली, असं लिहायला मला आवडलं असतं. काल तिला ताट उचलायला सांगितलं, तर म्हणाली, “ने.” मी आशेने विचारलं, “कुठलं?” ती म्हणाली, “दास डॉइचे, ममा.” जर्मन. ताट मीच उचललं. पण लिंबाच्या लोणच्याची बरणी तिने स्वतःच्या खुर्चीसमोर ठेवून घेतली आहे, आणि रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला की ती हात हलवून पळत नाही, बसते.

मंदारने तिकिटं काढली. ऑगस्टची सुट्टी, सांगली. हे फोनवर सांगताना त्याला राहवलं नाही. म्हणाला, “आई, तसा पावसाचा ऑफ-सीझन आहे म्हणा. गर्दी नसेल.”

“तुम्ही या तर खरं,” आई म्हणाल्या. “गर्दीचं मी बघते.”