भोंगेवाल्या प्रेमानंदचा विमा

सेनगावात आमच्या ओळीत चौथं घर प्रेमानंद खिल्लारेचं. पण त्याच्या नावानं कोणी पत्ता विचारला तर लोक विचारात पडायचे. भोंगेवाला म्हटलं की लगेच हात करून घर दाखवायचे. संध्याकाळची वंदना झाली की मी रोज वहीत चार ओळी लिहिते. त्यात त्याचं नाव इतक्यांदा आलंय, की एकदा त्याच्याबद्दल सलग लिहावं असं मनात होतं.

प्रेमानंदचे वडील जळबा बाबा नरसीकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यांनी पोराला दहावीपर्यंत शिकवलं. पुढं तातेराव अण्णांच्या शाळेत प्रेमानंद शिपाई लागला. अण्णा म्हणजे तालुक्याचे पुढारी. शाळा त्यांची, पार्टी त्यांची, निम्मं गाव त्यांचं. शाळेला अनुदान नव्हतं. "जागा मंजूर झाली की मागचा सगळा पगार निघंल," असं अण्णा सांगायचे. प्रेमानंदनं दोन वर्षं घंटा वाजवली, पाणी भरलं, पंधरा ऑगस्टला माईकच्या वायरी जोडल्या. पगार काही निघाला नाही. ज्योतीशी लग्न ठरलं तेव्हा जवळा बाजारच्या तिच्या बापानं तोंडावर विचारलं, "पोरगं नोकरीत हाय म्हणता, मग खातं काय?"

त्यानं शाळा सोडली, बँकेचं कर्ज घेतलं आणि एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक बॅटरी आणून ज्योती साऊंड सर्व्हिस काढली. लग्न, जयंती, सप्ता, आठवडी बाजारातली जाहिरात, हरवलेली म्हैस, सगळं तोच पुकारायचा. इलेक्शन हा त्याचा मोठा हंगाम. सकाळी एका पार्टीच्या जीपमध्ये बसून तो ज्यांना निवडून द्या म्हणायचा, दुपारनंतर दुसऱ्या जीपमधून त्यांनाच पाडा म्हणायचा. दोन्हीकडं जीव तोडून. कोणी टोकलं तर म्हणायचा, "सुपारी घेतली की मी त्या टायमापुरता त्यांचा. मत कोणाला द्यायचं ते मपलं मी बघीन."

त्याचे आवाज दोन होते, आणि ही गोष्ट फक्त आमच्या ओळीतल्यांना माहीत होती. घरातला आवाज अगदी मऊ. लेकराला झोपवताना बोलला तर शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही. तो आवाज भोंग्यातून फाटका, पातळ यायचा. म्हणून त्यानं धंद्यासाठी दुसरा आवाज कमावला होता, गळा आवळून काढलेला, भरडा. तो रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. गावानं ऐकला तो हाच.

शहाण्णव साली माझ्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते पंचायत समितीत क्लार्क. महिनाभर मेडिकल रजा, पगार चालू, आणि वर दवाखान्याचं बिलही मंजूर होऊन आलं. प्रेमानंद रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, तुमी झोपले तरी पगार उठून कामाला जातो. आमी झोपलो की चूलबी झोपती."

ह्यांनी त्याला मेडिक्लेम घ्यायला लावलं. विम्याची एजन्सी माझ्या नावावर होती. सरकारी नोकरदाराला स्वतःच्या नावावर घेता येत नसे, म्हणून सगळ्यांच्याच बायकांच्या नावावर असायची. सही बाईची, हिंडणं नवऱ्याचं. प्रेमानंदनं सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पहिला हप्ता भरला. ज्योती रागावली होती. "धडधाकट माणसानं दवाखान्याचे पैसे आधीच भरायचे? ह्याला काय म्हणावं बाई!" तरी दर वर्षी लग्नसराई संपली की तीच आठवण करून द्यायची.

आमचा जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, नव्याण्णवच्या पावसाळ्यात, दोन इलेक्शनं एकदम लागली. दोन्ही पार्ट्यांच्या सुपाऱ्या प्रेमानंदच्या खिशात. आणि त्याच सुमारास त्याचा घरातलाही आवाज खरखरू लागला. नांदेडच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, आजपासून बोलणं बंद करा, ऑपरेशन करून घ्या, म्हणाला.

हे म्हणाले, "मग रजा टाक की."

"कोणाकडं टाकू? भोंग्याकडं?" प्रेमानंद म्हणाला. "भाऊ, ऐन इलेक्शनात सुपारी परत केली तर पुढच्या बारीला कोण विचारंल? पंधरा दिवस काढतो कसे तरी."

गोळ्या खाऊन, मिठाच्या गुळण्या करून त्यानं दिवस काढले. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बाजाराच्या चौकात उमेदवाराचं नाव घेतलं, आडनाव तोंडातून निघालंच नाही. जीपमधल्या कार्यकर्त्याला वाटलं वायर निसटली. तो वायर हलवत बसला.

ऑपरेशनला आधी रोख रक्कम भरायची होती. विम्याचे पैसे मागाहून मिळतात, ही गोष्ट ज्योतीला तेव्हा कळली, आणि ती मला जे बोलली ते मी वहीत लिहिलेलं नाही. पैसे दिले अण्णांनी. नांदेडच्या दवाखान्यात स्वतः आले, नोटा उशीशी ठेवल्या.

"तुझा सेट माझ्या गोडाऊनला राहू दे. सांभाळायला," ते म्हणाले. "तुझ्या कंपनीनं पैसे दिले तर माझे फेडून घेऊन जा. न्हाई दिले तर शाळेत ये. आता अनुदान आलंय, शिपायाची जागा भरायची हाय. आपल्याकडं टिकला असता तर आज हे बिल सरकारनं भरलं असतं. काहून पळाला बाबा?"

प्रेमानंदला बोलायची मनाई होती. त्यानं हात जोडले.

गाठ साधी निघाली, त्या दिवशी ज्योतीनं विहारात खीरदान केलं. पण कागद कंपनीकडं गेल्यावर खरी तकलीफ सुरू झाली. दिवाळीच्या आधी कंपनीचा एक साहेब चौकशीला सेनगावात आला. गळ्याचा आजार विमा काढण्याआधीचा तर नाही ना, एवढंच त्याला पाहायचं होतं. घरी येण्याआधी तो स्टँडसमोर कोंडीबाच्या हॉटेलात चहाला थांबला. कोंडीबानं नंतर आम्हाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, मोठ्या हौसेनं.

साहेबानं विचारलं, "ते भोंगेवाले खिल्लारे, त्यांचा आवाज असा घोगरा कधीपासून आहे?"

"कधीपासून म्हंजे?" कोंडीबा म्हणाला. "जल्मापासून! साहेब, तसा आवाज अख्ख्या जिल्ह्यात न्हाई. भरडा, एकदम भरडा! जात्यात दगड पडल्यावानी."

बाकावरचा दुसरा म्हणाला, "पंचाण्णवच्या इलेक्शनला तर याहून लई भरडा व्हता. पार नरसीच्या रस्त्यावर ऐकू आला म्हणत्यात."

"म्हणजे चार-पाच वर्षांपासून आहेच?"

"चार-पाच? धा वर्सं लिहा साहेब, बिनधास्त लिहा," असं म्हणून कोंडीबानं साहेबाच्या चहाचे पैसेही घेतले नाहीत.

महिन्याभरात पत्र आलं. आजार जुना, क्लेम नामंजूर.

ज्योती तशीच पदर खोचून हॉटेलवर गेली. "कोंडीबा मामा, तुमच्या तारिफीनं आमचं घर बुडालं!"

कोंडीबा कपबशा धुता धुता थांबला. "माय, मी तर त्याचं नाव काढत व्हतो. मला काय ठावं, आवाज चांगला असणं बी रोग असतो म्हणून?"

अण्णांच्या कानावर गेलंच. त्यांनी प्रेमानंदला बोलावून घेतलं. हे सोबत गेले होते. अण्णा म्हणाले, "कंपनीचे नांदेडचे साहेब आपल्या शब्दाबाहेर न्हाईत. एक फोन करतो, काम होतं. पण मग भोंगा आपल्याच जीपवर. सकाळी आमचा अन दुपारी त्यांचा, ते बंद. न्हाई तर सरळ शाळेत ये. पगार हाय, रजा हाय, बिलं हायत. तुझ्या भल्याचंच सांगून राहिलो."

प्रेमानंद आता पुटपुटण्याइतकं बोलू शकत होता. "चार दिवस द्या अण्णा," एवढंच म्हणाला.

त्या रात्री त्यांच्या घरात जेवणं झाली नाहीत, हे मला चूल पेटली नाही त्यावरून कळलं. सकाळी ज्योती मला म्हणाली, "वहिनी, मला नोकरीच बरी वाटू लागली. महिन्याला ठरलेला पगार तर येईल. पण हे म्हणतात, दोन वर्सं घंटा वाजवली ती पुरे झाली. आता तुमीच सांगा, कोणाचं बराबर?" मी तिच्यासाठी चहा टाकला. आमच्या घरी पहिल्या तारखेला पगार येत होता.

ह्यांनी कंपनीला अर्ज लिहिला, की गावानं धंद्याचा आवाज सांगितला, माणसाचा नाही. साहेब भला होता, पुन्हा यायला तयार झाला. मात्र त्याची अट होती, की ज्यांनी खिल्लारेंचं बोलणं भोंग्याशिवाय ऐकलंय अशी माणसं द्या. बायकोचं चालणार नाही, एजंटचं चालणार नाही. म्हणजे ज्योतीही बाद आणि मीही बाद.

तो मार्गशीर्ष पौर्णिमेला आला. आम्ही सगळ्या पांढरी पातळं नेसून विहारात जमलो होतो. आमच्याकडं वर्षावासाचे तीन महिने रोज सायंकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, आणि चार वर्षं ते प्रेमानंदकडंच होतं. साहेब बूट काढून आत आला, मागं सतरंजीवर टेकला. तिथं जनकाबाई बसलेल्या. सत्तरीच्या पुढच्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या, आणि कोणाचीही भीड न ठेवणाऱ्या.

"बाई, तुम्ही यांचं वाचन ऐकलंय?" साहेबानं प्रेमानंदकडं बोट करून विचारलं.

"ह्याचं?" जनकाबाई म्हणाल्या. "ह्याचं काय ऐकायचं, कप्पाळ! तीन वर्सं आमी इथं मागं बसून राहिलो, एक अक्षर कानावर आलं न्हाई. बोलतो कसा, तर लोणी पाघळल्यावानी. मी भरल्या विहारात बोलले, लेकरा, जीपमधी बसून पुढाऱ्यांसाठी बोंबलतो, अन धम्म सांगताना काहून तोंडातल्या तोंडात?"

"व्हय साहेब," दुसरी म्हणाली, "आमी तर म्हणलं व्हतं, तुझं मशीन तरी आण इथं. तर म्हणे, इथं वरडायचं नसतं."

प्रेमानंद खाली मान घालून बसला होता. बायका आपली अब्रू काढतायत असंच त्याला वाटत होतं.

साहेबानं विचारलं, "आणि ह्या वर्षी?"

"ह्या वर्सी मातर सुधारला व्हता," जनकाबाई म्हणाल्या. "आषाढात पहिल्यासारखाच. श्रावण लागला अन जरा खरखर आली आवाजात. तवा मी म्हणलं, हां, आता कुठं ऐकू येऊन राहिलं! तर मेल्यानं चार दिवसांत वाचनच बंद केलं."

साहेब हसला नाही, पण त्याचं लिहिणं थांबलं. त्यानं बाईंना तेच पुन्हा सांगायला लावलं, आणि त्यांनी आणखी दोन शिव्या घालून सांगितलं. खाली अंगठा घेतला. शेजारच्या तिघींनी सह्या केल्या.

संक्रांतीनंतर पैसे आले. काही रक्कम कापलेली होती, ती ज्योतीनं कानातलं मोडून भरली. दोघं नवराबायको अण्णांच्या गोडाऊनला गेली, पैसे दिले, भोंगे बैलगाडीत घालून आणले. आठ दिवसांत गावात झालं, की अण्णांनी नांदेडला फोन केला म्हणून गरिबाचं काम झालं. पुढच्या सभेत अण्णा तसं बोललेही, आणि त्या सभेचा माईक प्रेमानंदचाच होता.

ज्योती चिडली. "तुमी तिथंच काहून न्हाई सांगितलं, अण्णा खोटं बोलून राहिले म्हणून?"

"भाड्याचे पैसे घेतल्याले," तो म्हणाला. "त्यांच्या माईकवर त्यांचं बोलणं."

आवाज परत आला, पण घरातलाच. डॉक्टरनं ओरडायला कायमची मनाई केली. पुकारायचं काम गेलं. तो नुसता सेट भाड्यानं देऊ लागला. पुढं प्रचाराच्या कॅसेटी भरून घ्यायची पद्धत आली तेव्हा त्या ज्योतीच्या आवाजात भरल्या. तिचा आवाज भोंग्यावर बरा लागतो. एकदा दोन पार्ट्यांच्या दोन जीपा स्टँडवर समोरासमोर आल्या आणि दोन्हींतून तीच बोलत होती. कोंडीबानं ते लोकांना महिनाभर सांगितलं. उत्पन्न मात्र पहिल्यापेक्षा कमी झालं, हे खरंच लिहिलं पाहिजे.

कॅसेटींच्या आधीच, दोन हजार सालच्या उन्हाळ्यात विम्याचं नूतनीकरण आलं. कागदावर नवा शेरा होता: घशाचा आणि स्वरयंत्राचा कुठलाही आजार यापुढं ह्या विम्यात बसणार नाही. हप्ता तेवढाच. ह्यांनी वाचून दाखवलं तेव्हा दोघं आमच्याच ओसरीवर बसलेली होती. शाळेतली शिपायाची जागा अजून भरलेली नव्हती आणि अण्णांचा माणूस कालच पुन्हा विचारून गेला होता.

प्रेमानंद म्हणाला, "म्हंजे आख्ख्या अंगाची जोखीम कंपनीवर, अन घशाची आपल्यावर."

"पुन्हा काही झालं तर?" ज्योतीनं विचारलं.

"हळू बोलीन."

मग कमरेची पिशवी सोडून तिनं हप्त्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "वहिनी, पावती आजच लिहा. उद्या माझं मन फिरंल."